एका तबकडीवर दोन बायका

कॅसेटबाईंच्या दुकानाच्या एका बाजूला किल्ल्या बनवणारा होता आणि दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाला. मधल्या खोलीत बाई लोकांच्या जुन्या कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून देत. आता डीव्हीडीही कोणी विचारत नाही म्हणा, पण म्हातारी माणसं विचारतात, आणि म्हाताऱ्यांचा तुटवडा बाईंना अजून तरी जाणवला नव्हता. तीस वर्षं दुसऱ्यांचे वाढदिवस आणि सहली बघून त्यांची एक पंचाईत झाली होती. रस्त्यात माणूस भेटला की त्याचं नाव आठवायचं नाही, पण हा समुद्रात चड्डी हरवून रडला होता हे मात्र लख्ख आठवायचं. असा माणूस बँकेत समोरच्या टेबलावर साहेब म्हणून बसलेला असला की बाईंना सही नीट करता यायची नाही.

त्या सकाळी दुकानात आल्या त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. पन्नाशीच्या. काउंटरवर त्यांनी सात छोट्या कॅसेटी एका रांगेत मांडल्या, वाकडी झालेली एक सरळ केली, आणि शेजारी नखाएवढं मेमरी कार्ड ठेवलं.

"आमच्या बाबांना पुढच्या रविवारी ऐंशी पूर्ण होतात," त्या म्हणाल्या. "कॅसेटीत आमच्या लहानपणचं आहे, आईच्या वेळचं. कार्डात गेल्या चार वर्षांतलं. सगळं एकापाठोपाठ एक, एकाच डीव्हीडीवर हवंय. मधे थांबायला नको, काही निवडायला नको. बाबा बटणं दाबत नाहीत."

"अजिबात?"

"चाळीस वर्षं लोकांचे दात काढले त्यांनी. बोटांना आता विश्रांती पाहिजे म्हणतात."

कॅसेटबाईंनी एक कॅसेट आणि कार्डातला एक तुकडा शेजारी शेजारी लावून दाखवला. जुनं चित्र जवळजवळ चौकोनी, नवं चित्र लांबच लांब, सोफ्यासारखं.

"इथंच गोची आहे," बाई म्हणाल्या. "डीव्हीडीवर दोन्ही आकार राहतात, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. एका कप्प्याला एकच शिक्का, एक तर चौकोनी नाहीतर रुंद. एकाच कप्प्यात दोन्ही कोंबता येत नाहीत."

"मग दोन कप्पे करा आणि जोडून टाका."

"जोडता येतील. पण मधे क्षणभर पडदा काळा होतो, आणि काही मशिनं तिथंच रुसून बसतात."

"रुसणारं काही नको. घरात माणसं आहेत तेवढी पुरेत."

"मग सगळं रुंद करू. आईंचं चित्र मधोमध येईल आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या."

"काळ्या पट्ट्या? वाढदिवस आहे हो, शोकसभा नाही."

"तिसरा उपाय म्हणजे नवीन चित्राच्या दोन्ही कडा कापायच्या. म्हणजे तेही चौकोनी होईल."

मुख्याध्यापिकाबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "कापा. कडेला काय असतं एवढं? खुर्च्या आणि झाडं."

पावतीवर त्यांनी नाव लिहिलं, खाली फोन नंबर लिहिला आणि शाळेची घंटा व्हायच्या आत निघून गेल्या.

दोन दिवसांनी त्या नमुना बघायला आल्या तेव्हा धाकटा भाऊ बरोबर होता. हा फरशा विकायचा, आणि कुठल्याही खोलीत शिरला की आधी खाली बघायचा. बाईंच्या दुकानातली फरशी बघून त्याने एक उसासा सोडला आणि मग मुद्द्यावर आला.

"ताई म्हणते कापाकापी करायची. मी म्हणतो कशाला? मी बाबांसाठी एवढा मोठा टीव्ही घेतलाय. त्यांनी नको म्हटलं, म्हणाले माझ्या भिंतीला दुसरं दार नको. मग आता तो माझ्याकडे आहे, आणि कार्यक्रमही माझ्याकडे आहे. तर तो पूर्ण भरलेला दिसला पाहिजे. जुनं चित्र ओढून रुंद करा."

कॅसेटबाईंनी ओढून दाखवलं. पडद्यावर एक बागेतला बाक होता आणि त्यावर त्यांची आई. ती आयुष्यभर काडीसारखी होती, आणि त्याचा तिला कोण अभिमान. आता ती बाकाइतकी रुंद झाली होती आणि बाक कपाटाइतका. पुढून एक कुत्रा गेला, तो डुकरासारखा गेला.

"बंद करा!" मुख्याध्यापिका ओरडल्या. "ही आई आहे? आईने बघितलं असतं तर आठवडाभर जेवली नसती!"

"ती तशीही कुठं जेवायची," धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस. तुला आईपेक्षा टीव्ही मोठा."

"आकाराने आहेच."

मग धाकट्याने दुसरी युक्ती सुचवली. ओढू नका, मोठं करा. कॅसेटबाईंनी मोठं केलं. पडदा भरला, कोणी जाडही झालं नाही, पण वरची आणि खालची बाजू कापली गेली. आई आता हनुवटीपासून सुरू होत होती. छोट्या मुख्याध्यापिकेचं बक्षीस घेतानाचं दृश्य आलं, त्यात नुसतं पोट आणि कप.

"हे मात्र छान आहे," भाऊ म्हणाला. "तुझा चेहरा तेव्हाही असाच होता, गेला ते बरं झालं."

बहिणीने पर्स उचलली. मारायला की जायला, हे बाईंना कळलं नाही. दुकानात पंधरा मिनिटं भांडण झालं. बाविसाव्या वर्षी कोणी कोणाची सायकल विकली इथपर्यंत ते मागे गेलं, आणि किल्लीवाला हातातलं काम ठेवून दारात येऊन उभा राहिला. शेवटी ताईच जिंकली. जुनं तसंच ठेवायचं, नवीन कापायचं. जाताना धाकटा म्हणाला, "रविवारी तुम्हीच या हो दुकानवाल्या. चालली नाही तर मी कोणाला धरू?"

दुसऱ्या दिवशी कॅसेटबाई नवीन चित्र कापायला बसल्या. कडा कापल्या आणि चित्र बघायला सुरुवात केली.

पहिल्या दृश्यात तळ्याकाठी मुख्याध्यापिकेचे बाबा, दातांचे डॉक्टर, उभे होते. गोल चेहऱ्याचे, टकलू, ऐंशीच्या मानाने तुकतुकीत. ते डावीकडे बघून म्हणाले, "दमलीस का? बस जरा." डावीकडे कोणी नव्हतं. चित्राच्या कडेला फक्त एक कोपर होतं.

दुसऱ्या दृश्यात डॉक्टरांनी केकचा तुकडा काट्याने उचलला, प्रेमाने डावीकडे धरला आणि तो तुकडा हवेत नाहीसा झाला.

तिसऱ्यात डॉक्टर नाचत होते. एका हाताबरोबर. हात मनगटापर्यंत दिसत होता, पुढे काही नाही.

बाईंनी न कापलेलं चित्र लावलं. डाव्या कडेला, प्रत्येक दृश्यात, उंच खांद्यांची, आखूड केसांची, पासष्टीची एक बाई. तळ्याकाठी ती, केकपाशी ती, नाचातही ती. कापलं की ती जात होती, आणि मागे राहत होते ते स्वतःशीच बोलणारे, भिंतीला केक भरवणारे डॉक्टर.

कॅसेटबाईंचा एक नियम होता. गिऱ्हाईक सांगेल ते कापायचं आणि का ते विचारायचं नाही. ह्या नियमावर दुकान तीस वर्षं चाललं होतं. त्यांनी चहा केला, प्यायला, नाचाचं दृश्य पुन्हा एकदा बघितलं आणि पावतीवरचा नंबर फिरवला.

"हॅलो!" पलीकडून असा आवाज आला की बाईंनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला.

"वाढदिवसाच्या डीव्हीडीबद्दल जरा विचारायचं होतं."

"कसली डीव्हीडी? कोणाचा वाढदिवस?"

मुख्याध्यापिकेने सवयीने माहेरचा नंबर लिहिला होता. बाईंच्या हे लक्षात आलं तोवर पलीकडचा आवाज खाली आला होता. तरीही तो बराच मोठा होता. "थांबा. ते दाढी करतायत. दुकान कुठं आहे सांगा, मी येते."

अर्ध्या तासात ती उंच खांद्यांची बाई दारात हजर. सारी हयात तिने गळ्यात शिट्टी अडकवून तलावावर मुलांना पोहायला शिकवलं होतं. कानात पाणी गेलेल्या मुलांना ऐकू जावं म्हणून जो आवाज लावला, तो नंतर कधी उतरलाच नाही. चार वर्षांपूर्वी दात दाखवायला म्हणून डॉक्टरांकडे गेली, त्यांनी दवाखाना बंद करून दहा वर्षं झाली होती हे तिला माहीत नव्हतं, आणि दात न दाखवताच लग्न ठरलं. डॉक्टरांची मुलं तिला तोंडावर 'तुम्ही' म्हणत आणि पाठीमागे शिट्टीबाई.

"दाखवा," शिट्टीबाई म्हणाल्या.

"अजून कच्चं आहे हो..."

"दाखवा हो. मी कोणाला बुडवत नाही."

कॅसेटबाईंनी कापलेलं चित्र लावलं. तळं आलं, कोपर आलं.

"हे कोपर माझं," शिट्टीबाई म्हणाल्या.

केक आला, हात आला. कॅसेटबाईंना वाटलं, आता रडतील किंवा दुकान डोक्यावर घेतील. शिट्टीबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की इस्त्रीवाल्याने भिंतीवर थाप मारून विचारलं, काय झालं.

"मोठीचं काम ना हे? हुशार आहे. अहो, मी मुद्दामच कडेला सरकते. कॅमेऱ्यासमोर मला उभं राहवत नाही. पूर्वी कसं, दोन पावलं सरकलं की सुटलो. आताचा हा मेला कॅमेरा एवढा रुंद की मी कितीही सरकले तरी मला गाठतोच. एकदा तर मी पार दाराबाहेर गेले होते, तरी माझं नाक आलंय."

"मग कापलं ते चाललं म्हणायचं?"

शिट्टीबाईंचं हसू ओसरलं. त्यांनी नाचाचं दृश्य पुन्हा लावायला सांगितलं. "मला कापलं त्याचं काही नाही. पण ह्यांचं काय करून ठेवलंय बघा. हवेशी बोलतायत. येणारा जाणारा म्हणेल, म्हातारा कामातून गेला." मग जरा थांबून, त्यांच्या मानाने अगदी हळू, त्या म्हणाल्या, "आणि ते जुनं दाखवता का? चार वर्षं त्या घरात राहते. तिचा फोटो रोज पुसते. पण बोलायची कशी ते माहीत नाही."

कॅसेटबाईंनी कॅसेट लावली. जुन्या चित्रांत डॉक्टर कुठंच नव्हते, कारण कॅमेरा त्यांच्या हातात. फक्त त्यांचा आवाज. आणि दातांचे डॉक्टर असल्यामुळे कोणी हसलं की कॅमेरा सरळ तोंडात. बायको पायऱ्यांवर बसून शेंगा सोलत होती, हसली, आणि पुढचं अर्धं मिनिट पडद्यावर तिची वरची दाढ.

"अहो, माणूस आहे मी, पेशंट नाही!" ती कॅमेऱ्याला ओरडली. "ठेवा ते डबडं खाली, नाहीतर शेंगांसकट तुमच्या घशात घालीन!"

"अगं बाई," शिट्टीबाई खूश होऊन म्हणाल्या. "मला वाटायचं, साध्वी होती. भिंतीवर तशीच दिसते."

त्या दोघी दुपारपर्यंत कॅसेटी बघत बसल्या. दुकानाचं दार बंद करून घेतलं होतं. दोन गिऱ्हाइकं परत गेली.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिका आल्या आणि दारातच थबकल्या. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत शिट्टीबाई होत्या.

"नंबर माहेरचा लिहिलात," कॅसेटबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार.

मुख्याध्यापिका लाल झाल्या. पकडलेल्या मुलांच्या बाबतीत काय करायचं ते त्यांना पाठ होतं, पकडल्या गेल्यावर काय करायचं ते कधी शिकल्याच नव्हत्या. "कडेला खुर्च्या आणि झाडंच असतील असं मला..."

"मी खुर्चीपेक्षा बरी आहे," शिट्टीबाई म्हणाल्या. "बस इथं. आधी हे बघ."

कॅसेटबाईंनी तीन दृश्यं दाखवली. डॉक्टरांनी कोपराला विचारलं, दमलीस का. डॉक्टरांनी हवेला केक भरवला. डॉक्टर एका हाताबरोबर गोल फिरले. तिसऱ्या फेरीला मुख्याध्यापिकेच्या तोंडून हसू फुटलं, आणि हसता हसता ते मधेच कुठंतरी मोडलं. त्यांनी चष्मा काढला.

"बाबा असे कधी नाचले?"

"मागच्या वर्षी. तुमच्याकडेच. तू स्वयंपाकघरात होतीस."

"आईबरोबर कधी नाचले नाहीत."

"ह्यांच्या एका हातात कॅमेरा असायचा ना," शिट्टीबाई म्हणाल्या. "मी सकाळपासून बघतेय. त्या माणसाने आयुष्यात दुसरं काही केलंच नाही. नुसतं तिच्याकडे बघत बसला."

ह्यावर मुख्याध्यापिकेने नाक पुसलं. मग चष्मा लावला आणि वर्गात शिरल्यासारखा आवाज काढून विचारलं, "ते दोन कप्पे कसे म्हणाला होतात?"

"पहिल्यात जुनं, चौकोनी. दुसऱ्यात नवं, रुंद. कोणालाच कापायचं नाही, ओढायचं नाही. पहिला संपला की दुसरा आपोआप सुरू. मधे जरासा काळोख."

"आणि मशीन रुसलं तर?"

"तर मी येते ना रविवारी. तुमच्या भावाने धरायला बोलावलंय."

रविवारी दुपारी धाकट्याच्या घरी सगळे जमले. बैठकीची फरशी आरशासारखी, त्यामुळे सगळे पाय जपून टाकत होते. टीव्ही खरोखरच दाराएवढा होता. डॉक्टरांना मधल्या खुर्चीत बसवलं. कॅसेटबाईंनी डीव्हीडी आत सरकवली, आणि बागेतला बाक पडद्यावर आला. कपाटाएवढा. त्यावर आई, बाकाएवढी.

"मी ओढलेली नाही!" कॅसेटबाई ओरडल्या. "तुमचा टीव्ही ओढतोय!"

धाकट्याने विकत घेतल्या दिवशीच टीव्हीला सांगून ठेवलं होतं, जे येईल ते ताणून पडदा भर. आता रिमोट कुठं आहे ते कोणाला ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापिका गाद्या उचलून फेकायला लागल्या. धाकटा पालथा पडून सोफ्याखाली हात घालत होता. "सांगितलं होतं तुला! दहा वेळा सांगितलं होतं!" "अगं पण बॉक्सवर तसंच चित्र होतं!" पडद्यावर डुकरासारखा कुत्रा शांतपणे निघून गेला.

"गप्प बसा दोघं," डॉक्टर म्हणाले.

ते खुर्चीत पुढे सरकून बघत होते. तोंड उघडं. "केवढी अंगाने भरलीय," ते म्हणाले. "चांगली दिसते. मी किती मागे लागायचो, खा म्हणून. डॉक्टर आणला, टॉनिक आणलं. शेवटी एकदाची सुधारली म्हणायची."

रिमोट तोवर सापडला होता. शिट्टीबाईंच्या खाली होता. त्यांनी तो कॅसेटबाईंकडे दिला, कॅसेटबाईंनी मुख्याध्यापिकेकडे बघितलं, आणि मुख्याध्यापिकेने मान हलवली. नको. कॅसेटींचा भाग संपेपर्यंत आई तशीच राहिली, गुबगुबीत. तिने शेंगांसकट डबडं घशात घालायची धमकी दिली तेव्हा डॉक्टर टाळ्या वाजवून हसले, आणि हसताना त्यांचे सगळे दात दिसले. स्वतःचे, हे ते प्रत्येकाला सांगत.

मग पडदा काळा झाला.

"संपलं?" डॉक्टरांनी विचारलं. धाकट्याने कॅसेटबाईंचा दंड धरला. बाईंनी आकडे मोजले. एक, दोन, तीन. तळं आलं. रुंद, दोन्ही कडांसह, आणि डाव्या कडेला शिट्टीबाई.

खऱ्या शिट्टीबाई त्याच क्षणी उठून स्वयंपाकघरात गेल्या. जरा वेळाने मुख्याध्यापिका मागोमाग गेल्या.

"तुम्ही आलाय पडद्यावर. चला."

"म्हणून तर इथं आले."

मुख्याध्यापिका ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "शाळेच्या एकोणीस फोटोंत माझे डोळे मिटलेले आहेत," त्या म्हणाल्या. "फोटोग्राफर तीन म्हणतो आणि मी मिटते. मुलं पैजा लावतात." त्यांनी केकच्या उरलेल्या तुकड्याचे दोन भाग केले, आणि मोठा भाग पुढे केला. बाहेरून डॉक्टरांचा आवाज आला, "अगं, आपण नाचतोय!" दोघींपैकी कोणीच बाहेर गेलं नाही.

डीव्हीडी डॉक्टर घरी घेऊन गेले. त्यांच्याकडे जुना, पोट सुटलेला, चौकोनी टीव्ही. पंधरवड्याने शिट्टीबाई दुकानात आल्या, आपल्या तलावावरच्या स्पर्धांच्या दोन कॅसेटी घेऊन.

"चालते ना नीट?" कॅसेटबाईंनी विचारलं.

"चालते म्हणजे? रोज जेवण झालं की मला लावायला सांगतात. त्या डबड्यावर ती आता अगदी बरोबर दिसते, काडीसारखी. ह्यांची तक्रार आहे, पुन्हा वाळली म्हणून. आणि माझा भाग आला की वर खाली काळ्या पट्ट्या, आणि मधे आम्ही एवढे एवढेसे. मुंग्या."

"रुंद चित्र चौकोनात बसवलं की तसंच होतं. काढून देऊ का त्या पट्ट्या?"

"नको," शिट्टीबाई म्हणाल्या. "पडदा काळा होतो ना, त्या वेळात ते उठतात आणि खुर्ची हातभर पुढे ओढतात. मग बसतात."